काझी करीमुद्दीन यांना आम्ही का विसरलो?

निवडणूक जवळ आली की आमच्या मोहल्ल्यात हिशेब मांडला जातो. आपला आमदार, आपला खासदार कौमच्या प्रश्नावर सभागृहात किती वेळा बोलला? तलाकच्या विधेयकावर किती जोरात बोलला? कब्रस्तानची संरक्षक भिंत, हजचा कोटा, उर्दू शाळेची तुकडी हे विषय त्याने काढले की नाही? मार्शलनी उचलून बाहेर नेले असेल तर तो आमचा हिरो. पण त्याच सभागृहात पोलिसांच्या अधिकाराचे एखादे विधेयक दहा मिनिटांत मंजूर झाले आणि हा हिरो कँटीनमध्ये बसला होता, याची चौकशी कोणी करत नाही.

मराठी वृत्तपत्रांची मोजपट्टीही हीच आहे, फक्त त्यांनी ती उलट्या टोकाने धरली आहे. मुस्लिम प्रतिनिधी धर्माबद्दल बोलला की पहिल्या पानावर, आणि वीज, पाणी, यंत्रमाग, कायदा यावर बोलला की कुठेच नाही. मग अग्रलेखातून सल्ला येतो : या लोकांनी मुख्य प्रवाहात यावे. आम्ही हा सल्ला कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. आज तो देणाऱ्यांना आणि आमच्या मोहल्ल्यालाही आम्ही एक जुनी नोंद दाखवू इच्छितो. ती संविधान सभेच्या चर्चेच्या सातव्या खंडात आहे.

त्या खंडातला एक दिवस सर्वांना पाठ आहे. २३ नोव्हेंबर १९४८. त्या दिवशी समान नागरी कायद्याच्या कलमावर चर्चा झाली. मोहम्मद इस्माईल, नझिरुद्दीन अहमद, महबूब अली बेग, पोकर साहेब यांनी व्यक्तिगत कायद्याला संरक्षण देणाऱ्या दुरुस्त्या मांडल्या. मुन्शी, अल्लादी आणि बाबासाहेबांनी उत्तरे दिली. शाहबानो निकाल येवो, तीन तलाक बंदीचा कायदा येवो, हा दिवस दोन्ही बाजूंनी उकरला जातो. एका बाजूला तो मुसलमानांच्या हट्टाचा पुरावा वाटतो, दुसऱ्या बाजूला स्वाभिमानाचा.

त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, ३ डिसेंबर १९४८ रोजी, त्याच सभागृहात आणखी एक मुस्लिम सदस्य उभा राहिला. त्याने मांडलेल्या दुरुस्तीत ‘मुस्लिम’ हा शब्द नव्हता, ‘अल्पसंख्याक’ हा शब्द नव्हता, धर्माचा उल्लेखही नव्हता. तो दिवस कोणालाच पाठ नाही.

हे सदस्य म्हणजे काझी सय्यद करीमुद्दीन. मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी. म्हणजे आमच्याच मातीतले, आजच्या विदर्भाच्या मुलखाचे. त्या प्रांताला संविधान सभेत १७ जागा होत्या आणि त्यांपैकी मुस्लिमांच्या वाट्याची जागा एकच होती. त्या एका जागेवर बसलेल्या माणसाने देशातल्या प्रत्येक घराच्या दाराचा प्रश्न मांडला.

त्यांची दुरुस्ती मसुद्यातील कलम १४ ला, म्हणजे आजच्या कलम २० ला, एक पोटकलम जोडण्याची होती. तिचा आशय असा : माणसाचे शरीर, त्याचे घर, त्याचे कागदपत्र आणि त्याची चीजवस्तू यांना अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण असेल. सबळ कारण असल्याशिवाय, आणि ते शपथेवर सांगितल्याशिवाय, वॉरंट निघणार नाही. आणि त्या वॉरंटात कोणत्या जागेची झडती घ्यायची, कोणाला किंवा कशाला ताब्यात घ्यायचे, हे नेमके लिहिलेले असेल.

करीमुद्दीन यांनी अमेरिकेच्या आणि आयर्लंडच्या घटनेचा दाखला दिला. पण त्यांचा खरा दाखला घरचा होता. मसुदा समितीच्या अध्यक्षांनीच, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या १९४७ च्या पुस्तिकेत असेच कलम सुचवले होते. करीमुद्दीन यांनी ती पुस्तिका पानासह सभागृहापुढे ठेवली. वऱ्हाडचा एक मुसलमान बाबासाहेबांना त्यांचाच ग्रंथ दाखवून म्हणतो आहे, की हे संविधानात असू द्या. दलित-मुस्लिम ऐक्याच्या परिषदा आम्ही पुष्कळ पाहिल्या, ठरावही केले. त्या परिषदांमध्ये हा प्रसंग कोणी सांगितलेला आम्ही ऐकला नाही.

बाबासाहेबांचे उत्तर आणखी मोलाचे आहे. त्यांनी ही दुरुस्ती स्वीकारायची तयारी दाखवली. ते म्हणाले, यात नवीन काही नाही, हे सारे फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच. पण उद्याचे एखादे विधिमंडळ ते काढून टाकू शकेल. व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने या तरतुदी इतक्या महत्त्वाच्या आहेत की त्या विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणेच इष्ट. मसुदा समितीचा अध्यक्ष ‘मान्य’ म्हणतो, यापुढे दुरुस्तीला आणखी काय हवे?

पण मतदानाच्या वेळी सभागृहात गोंधळ झाला. मतदान लांबणीवर पडले, आणि पुढे दुरुस्ती नामंजूर झाली. का नामंजूर झाली, याचे पटण्यासारखे कारण आम्हाला त्या नोंदीत सापडत नाही. जी गोष्ट बाबासाहेबांना विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवायची होती, ती त्या हातातच राहिली.

करीमुद्दीन तिथे थांबले नाहीत. तीनच दिवसांनी, ६ डिसेंबरला, मसुद्यातील कलम १५ आले. आजचे हे कलम २१, जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे. ‘कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीनुसार’ माणसाचे स्वातंत्र्य काढून घेता येईल, अशी मसुद्याची भाषा होती. करीमुद्दीन यांनी ती भाषा घातक ठरवली. एकदा कार्यपद्धती पाळली गेली की न्यायालयाचे काम संपले, मग कायदा अन्यायाचा असला तरी न्यायाधीश काही करू शकणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्याऐवजी, कायद्याच्या रास्त प्रक्रियेशिवाय स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, असे शब्द त्यांना हवे होते. १३ डिसेंबरला बाबासाहेबांनी दोन्ही बाजू मांडून निर्णय सभागृहावर सोडला. सभागृहाने मसुद्याची भाषा ठेवली.

आता या दोन पराभवांची किंमत कोणी मोजली ते पाहू. आमच्या लेखाचा सगळा मुद्दा या यादीत आहे.

पहिला माणूस ए. के. गोपालन. केरळचा कम्युनिस्ट पुढारी, प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली तुरुंगात. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सांगितले, की कायद्याने कार्यपद्धती सांगितली आहे आणि ती पाळली गेली आहे, ती न्याय्य आहे की नाही हे आम्ही पाहणार नाही. करीमुद्दीन यांनी दीड वर्षापूर्वी सांगितले होते, ते शब्दशः घडले. ही चूक मनेका गांधी खटल्यात दुरुस्त व्हायला १९७८ साल उजाडले. मधल्या काळात आणीबाणी येऊन गेली.

दुसरे प्रकरण १९५४ चे, एम. पी. शर्मा खटला. दालमिया उद्योगसमूहाच्या कंपनीवरील झडत्यांचे. आठ न्यायाधीशांनी सांगितले, की अमेरिकेच्या घटनेसारखे झडतीविरोधी कलम आपल्या घटनाकर्त्यांनी ठेवलेले नाही, तेव्हा ते आम्ही मागच्या दाराने आणणार नाही. म्हणजे ३ डिसेंबरला पडलेल्या दुरुस्तीची अनुपस्थिती हाच पुरावा झाला.

तिसरा माणूस उत्तर प्रदेशचा खरक सिंग. दरोड्याच्या आरोपातून सुटलेला, तरी पोलिसांच्या पाळत ठेवायच्या यादीत कायम. रात्री-बेरात्री त्याचे दार ठोठावले जाई. १९६२ मध्ये न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी तेवढ्या रद्द केल्या, पण खासगीपणाचा हक्क आपल्या घटनेत नाही असेही सांगून ठेवले.

चौथा माणूस पूरनमल नावाचा व्यापारी. आयकर खात्याची धाड पडली होती. १९७३ च्या डिसेंबरमध्ये न्यायालय म्हणाले, की झडती बेकायदा असली तरी तिच्यात सापडलेला पुरावा चालेल. कारण तेच : घटनेत तसे संरक्षण नाही.

वाचकहो, या यादीत एक कम्युनिस्ट आहे, एक बडा उद्योगसमूह आहे, एक गावकुसातला संशयित आहे, एक व्यापारी आहे. मुसलमान एकही नाही. मुस्लिमांच्या एकमेव जागेवर बसलेल्या प्रतिनिधीने मागितलेले संरक्षण नसल्यामुळे पहिल्यांदा पोळले ते हे लोक. मुख्य प्रवाह म्हणजे आणखी काय असते? करीमुद्दीन प्रवाहाच्या मध्यभागी उभे होते. त्यांची दुरुस्ती प्रवाहानेच बुडवली.

सर्वोच्च न्यायालयाला ही चूक पुसायला २०१७ उजाडावे लागले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, आणि १९५४ व १९६२ च्या निकालांतली त्याविरुद्धची विधाने रद्द केली. त्यासाठी न्यायालयाने संविधान सभेची चर्चा पुन्हा उघडली, आणि त्या निकालपत्रात काझी सय्यद करीमुद्दीन हे नाव आहे. ६९ वर्षांनी न्यायालयाला त्यांची आठवण झाली. आम्हाला अजून झालेली नाही.

तरीही २०१७ च्या निकालाने सगळे भागले असे कोणी म्हणू नये. हक्क मान्य झाला, पण वॉरंटात जागा नेमकी लिहा, कारण शपथेवर सांगा, हे करीमुद्दीन यांचे शब्द संविधानात आलेले नाहीत. आणि बाबासाहेबांची भीती खरी ठरत गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर यूएपीए कायद्यातली दुरुस्ती लोकसभेने १७ डिसेंबरला आणि राज्यसभेने १८ डिसेंबरला मंजूर केली. दोन दिवसांत. तिच्यातील कलम ४३-अ प्रमाणे नियुक्त अधिकाऱ्याच्या हुकमावर, न्यायालयाच्या वॉरंटविना, घरात शिरता येते. २०१७ च्या वित्त कायद्याने आयकर खात्याला मुभा दिली, की धाड टाकण्यामागचे कारण कोणाही व्यक्तीला, प्राधिकरणाला किंवा अपील न्यायाधिकरणाला सांगण्याची गरज नाही, आणि तीही पूर्वलक्षी प्रभावाने. पहिल्या कायद्याने मोहल्ला घाबरतो, दुसऱ्याने बाजारपेठ. दोघांच्या भीतीचे मूळ एक आहे, हे मात्र कोणी कोणाला सांगत नाही.

झडती ही काय चीज असते, हे ज्यांच्या दारावर कधी थाप पडली नाही त्यांना कळणे अवघड आहे. आमच्या परिचयातल्या एका शिलाईकाम करणाऱ्या गृहस्थाच्या घरी पहाटे तीन वाजता पोलीस आले. हवा होता दुसराच कोणी, नात्यातला. घरातली पेटी उलटी केली. उर्दू मासिकांचा गठ्ठा घेतला, कारण तो वाचता येत नव्हता. जुना मोबाईल घेतला. एका प्लास्टिकच्या पिशवीत मुलीचे दहावीचे गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला होता, ती पिशवीही घेतली. कायद्याप्रमाणे पंच त्याच वस्तीतले प्रतिष्ठित रहिवासी हवेत, पण इथे पंच कोण होते ते वस्तीत कोणाला माहीत नव्हते. पंचनाम्याची प्रत मिळाली नाही. त्या घरातल्या कोणावर पुढे कसलाही गुन्हा दाखल झाला नाही. पण कागद परत हातात येईपर्यंत कॉलेजच्या प्रवेशाची मुदत संपली होती. मुलीचे एक वर्ष गेले. ‘घर, कागदपत्र आणि चीजवस्तू’ असे शब्द करीमुद्दीन यांनी का वापरले, हे आम्हाला त्या पिशवीने शिकवले.

आमचे काही मित्र लगेच म्हणतील, देशाच्या सुरक्षेचे काय? बॉम्बस्फोट करणाऱ्यांची दारे ठोठवायची नाहीत काय? जरूर ठोठवावीत. करीमुद्दीन यांनी झडतीला मनाई मागितली नव्हती. कारण सांगा, ते शपथेवर सांगा, जागा नेमकी लिहा, एवढेच मागितले होते. ज्याच्याकडे खरे कारण आहे त्या अधिकाऱ्याला याची अडचण काय?

आणि नियम मोडल्याने सुरक्षा वाढते, हा अनुभव तरी कुठे आहे? मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेले ते मुसलमान, आणि आरोपी म्हणून पकडले गेले तेही ९ मुसलमान. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. त्याच वर्षीच्या जुलैमधील मुंबईच्या लोकल गाड्यांतील स्फोटांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी सर्व १२ जणांना निर्दोष ठरवले. जप्त केलेला मुद्देमाल नीट मोहोरबंद करून जपल्याचे सिद्ध झाले नाही, हे त्यामागचे एक कारण होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याच आठवड्यात या निकालाचा दाखला म्हणून वापर करण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. या गाड्यांत दीडशेहून अधिक माणसे मेली होती. त्यांच्या घरच्यांना १९ वर्षांनी काय मिळाले? झडती आणि जप्ती नियमाने करण्यात आरोपीचे जेवढे हित आहे, तेवढेच मृतांच्या नातेवाइकांचेही आहे. ढिसाळ जप्तीने निरपराध माणूस आत जातो आणि खरा गुन्हेगार बाहेर राहतो.

दुसरा आक्षेप आमच्यातलेच लोक घेतील. कागदावर एक कलम वाढले असते म्हणून पोलीस बदलले असते काय? नसते. कलमाने दारावरची थाप थांबत नाही. पण पूरनमलला ‘घटनेत तसे काही नाही’ हे उत्तर ऐकावे लागले नसते. कनिष्ठ न्यायालयातल्या साध्या वकिलाच्या हातात एक वाक्य असते. गरिबाला न्यायालयात फार शब्द लागत नाहीत, एखादे भक्कम वाक्य पुरते. ते वाक्य आपल्याच मुलखाचा एक माणूस लिहून गेला होता.

आता आमच्या स्वतःच्या घराची झडती. करीमुद्दीन यांना सरकारने विसरायला लावले, असे म्हणून आम्हाला सुटता येणार नाही. त्यांना आम्हीच विसरलो. संविधान सभेतल्या मुस्लिम सदस्यांची आठवण आम्ही केवळ व्यक्तिगत कायद्याच्या वादात काढतो. जणू ते लोक तेवढ्यासाठीच दिल्लीला गेले होते. जलशात, संमेलनात, वार्षिकांच्या पानांवर आम्ही सत्कार करतो तो जोरदार भाषणाचा. दुरुस्ती मांडणाऱ्याचा सत्कार केलेला आम्हाला आठवत नाही. दुरुस्तीला टाळ्या पडत नाहीत. तिच्यासाठी विधेयक वाचावे लागते, कलमाचा क्रमांक माहीत असावा लागतो, आणि ती पडली तरी दुसऱ्या दिवशी पुढच्या कलमावर उभे राहावे लागते. करीमुद्दीन उभे राहिले. जानेवारी १९४९ मध्ये त्यांनी लोकसभेच्या निवडणुकीसाठी बहुसदस्यीय मतदारसंघ आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली. देशात साक्षरता कमी आहे, सरकार स्थिर हवे, आणि अल्पसंख्याकांना राखीव जागा दिलेल्याच आहेत, असे सांगून बाबासाहेबांनी ती नाकारली. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढून टाकल्या गेल्या. करीमुद्दीन यांची सूचना बरोबर होती की नाही यावर मतभेद होऊ शकतात. पण जो प्रश्न त्यांनी विचारला त्याला दिलेल्या उत्तराचा एक पाय पाच महिन्यांत निखळला, हे तरी नोंदवायला हवे.

आणि आजची सभागृहे? जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाले, दुसऱ्या दिवशी विधान परिषदेतही. संघटना बेकायदा ठरवण्याचे, तिची जागा आणि मालमत्ता ताब्यात घेण्याचे अधिकार देणारे विधेयक. त्यावर बोलणारे विरोधी आमदार होते, पण मतविभाजनाचा आग्रह धरून आपले नाव नोंदीत आणण्याची निकड किती जणांना वाटली? आवाजी मतदानात कोणाचाच आवाज ओळखू येत नाही. पन्नास वर्षांनी एखाद्या न्यायालयाने हे खंड उघडले, तर कोणाचे नाव सापडेल?

म्हणून आमची मागणी साधी आहे. पुढच्या वेळी मते मागायला येणाऱ्याला, मग तो मुसलमान असो की नसो, मोहल्ल्याने तीन प्रश्न विचारावेत. गेल्या पाच वर्षांत तुम्ही कोणते विधेयक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले? कोणत्या कलमाला लेखी दुरुस्ती दिली? आणि ती नाकारली गेली तेव्हा मतविभाजन मागितले का? तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, अशासकीय विधेयक ही हत्यारे त्याच्या हातात आहेत. ती गंजली असतील तर तो कितीही ओरडो, त्याला आम्ही आमचा प्रतिनिधी म्हणणार नाही. कब्रस्तानच्या भिंतीसाठी त्याने जरूर भांडावे. पण जिवंत माणसांच्या घरांनाही भिंती असतात.

मुख्य प्रवाहाचा सल्ला देणाऱ्या अग्रलेखकांनाही आमची विनंती आहे. तुमच्या मुलांना ३ डिसेंबर १९४८ ची गोष्ट सांगा. एका मुसलमानाने तुमच्या घराच्या दारासाठी बाबासाहेबांकडे कडी मागितली होती, आणि बाबासाहेब ती द्यायला तयार होते. ती कडी अजून बसलेली नाही.